बुद्धवचन पडताळणी : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

आजपासून कामाला सुरुवात. सुरुवात का केली ते लिहून ठेवते, पुढे कंटाळा आला की वाचायला बरं.

मैत्रिणीची आई गेली त्याला तीन आठवडे झाले. त्या दिवसांत तिच्या फोनवर एकच चित्र सहा जणांकडून आलं. डोळे मिटलेली बुद्धमूर्ती आणि खाली ओळ: 'वेदना अटळ आहे, दुःख ऐच्छिक आहे – भगवान बुद्ध'. त्या सहांपैकी एक मी होते. काल ती म्हणाली, "म्हणजे हे दुःख मी हौसेने निवडलंय, असंच ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री शोधत बसले. पाली त्रिपिटकात, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांच्या पाली ग्रंथसंग्रहात, हे वाक्य नाही.

सकाळी ध्यानाला बसणाऱ्या आमच्या गटात हे सांगितलं. बराच वेळ कुणी बोललं नाही, कारण ते चित्र सगळ्यांनीच कधी ना कधी पुढे पाठवलेलं होतं. मग ठरलं ते असं: बुद्धाच्या नावाने आम्ही एकमेकांना पाठवलेली, भिंतीवर लावलेली वाक्यं गोळा करायची, प्रत्येकाचं मूळ पाली शोधायचं आणि हाती लागेल त्याची छोटी पुस्तिका करायची. पाली शिकवणारे सर पाठ तपासून देतील. टाइप करणं आणि नोंदी ठेवणं माझ्याकडे.

१६ जानेवारी

६४ वाक्यं जमली. तपासायची कशी, यावर आधी प्रत्येकाने आपापले निकष मांडले. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नियम आपण करायला नको, महापरिनिब्बान सुत्तात तो दिलेलाच आहे." चार महापदेस, म्हणजे बुद्धवचन पारखायच्या चार कसोट्या. कुणी सांगितलं की हे मी प्रत्यक्ष भगवंतांकडून ऐकलं, किंवा संघाकडून, किंवा अनेक थेरांकडून (ज्येष्ठ भिक्खूंकडून), किंवा एका थेराकडून, तरी 'नेव अभिनन्दितब्बं नप्पटिक्कोसितब्बं'. लगेच उचलून धरायचं नाही आणि लगेच झिडकारायचंही नाही. शब्द नीट ध्यानात घ्यायचे, सुत्ताशी (उपदेशांशी) आणि विनयाशी (भिक्खूंच्या नियमांशी) ताडून पाहायचे आणि मग ठरवायचं.

अंगुत्तर निकायाच्या (निकाय म्हणजे सुत्तांचा संग्रह) दुकनिपातातलं एक छोटं सुत्तही त्यांनी दाखवलं. तथागतांवर, म्हणजे बुद्धांवर, खोटा आळ घेणारे दोन प्रकारचे लोक: न बोललेलं 'बोलले' म्हणणारा आणि बोललेलं 'बोलले नाहीत' म्हणणारा. हे दुसरं मला फार महत्त्वाचं वाटतं. हल्ली वाक्यं खोटी ठरवण्याची एक घाई दिसते. तीही तितकीच जपून करायला हवी.

पाठ छट्ठ (सहाव्या) संगायनाचा घ्यायचा, म्हणजे १९५४ ते १९५६ मध्ये यांगूनला झालेल्या संगीतीत (भिक्खूंच्या सभेत) सिद्ध झालेला. तो देवनागरीत मिळतो. तीन गठ्ठे: 'आहे', 'वाकवलंय', 'नाही'.

१९ जानेवारी

पहिलं वाक्य 'आपण जसा विचार करतो तसे होतो'. धम्मपदाची पहिलीच गाथा म्हणून हे सगळीकडे फिरतं. गाथा अशी:

मनोपुब्बङ्गमा धम्मा, मनोसेट्ठा मनोमया ।
मनसा चे पदुट्ठेन, भासति वा करोति वा ।
ततो नं दुक्खमन्वेति, चक्कंव वहतो पदं ॥

मन पुढे चालतं, इथपर्यंत ठीक. पण गाथा तिथे थांबत नाही. 'भासति वा करोति वा'. दूषित मनाने माणूस बोलतो किंवा काही करतो, मग गाडी ओढणाऱ्या बैलाच्या पावलामागे चाक यावं तसं दुःख त्याच्या मागे येतं. फिरणाऱ्या वाक्यात बोलणंही नाही आणि करणंही नाही. बैल, चाक, सगळं गेलं आणि विचार तेवढा उरला. चांगला विचार करत बसलं की काम झालं, असं वाटायला ते मोकळं सोडतं.

गठ्ठा: वाकवलंय.

तक्त्यात आणखी एक रकाना घातला: 'काय गळलं'.

२० जानेवारी

'वेदना अटळ, दुःख ऐच्छिक'च्या सर्वांत जवळ जाणारं सुत्त सापडलं. संयुत्त निकाय ३६.६, सल्लसुत्त. एक बाण लागतो, आणि त्यावर दुसरा. न शिकलेल्याला शरीराचीही वेदना होते आणि मनाचीही. शिकलेल्या आर्यश्रावकाला शरीराची होते, मनाची होत नाही. दोन बाणांचा हा दृष्टान्त खराच बुद्धाचा आहे, आणि सुंदर आहे.

पण सुत्तात 'सुतवा' हा शब्द आहे: ज्याने ऐकलंय, शिकलंय, ज्याच्या मागे साधना आहे. दीर्घ शिक्षणानंतर येणारी ती स्थिती आहे. 'ऐच्छिक' या एका शब्दाने ती परीक्षेतल्या पर्यायासारखी करून टाकली, आणि जिची आई चार दिवसांपूर्वी गेली तिला विचारलं, तू चुकीचा पर्याय का निवडलास.

काय गळलं: शिक्षण.

२७ जानेवारी

'राग धरून ठेवणं म्हणजे दुसऱ्यावर फेकण्यासाठी निखारा हातात धरणं.' याचं मूळ मिळालं, पण बुद्धाच्या तोंडी नाही. टीकाकार बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्ग या ग्रंथात, ब्रह्मविहारांच्या (मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा) नवव्या परिच्छेदात आहे. काळ इसवी सनाचं पाचवं शतक, ठिकाण श्रीलंकेतलं अनुराधपूर. तिथे निखाऱ्याबरोबर 'गूथ' म्हणजे विष्ठाही आहे. दुसऱ्याला मारण्यासाठी ती हातात घेणारा आधी स्वतःलाच भाजून घेतो किंवा स्वतःलाच घाण करून घेतो. चित्रांवर फक्त निखारा उरला, कारण तो शोभतो. मला मात्र विष्ठेचा भाग जास्त पटला. रागात बोलून आल्यावर भाजल्यासारखं क्वचितच वाटतं. बरबटल्यासारखं नेहमी वाटतं.

वाक्य ठेवायचं, नाव बदलायचं: बुद्धघोष.

३ फेब्रुवारी

आज कालामसुत्त. अडीच तास गेले, आणि जायलाच हवे होते.

फिरणारं वाक्य असं: 'कशावरही विश्वास ठेवू नका, कुणीही सांगितलं असो, मी सांगितलं असलं तरी, जोवर ते तुमच्या स्वतःच्या बुद्धीला पटत नाही.' बुद्धाला आजच्या काळाशी जोडताना सर्वांत जास्त वापरलं जातं ते हेच. माझ्या स्वतःच्या वहीत पहिल्या पानावर आहे.

सुत्त अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातातलं. केसपुत्त गावचे कालाम बुद्धाला म्हणतात, इथे एकामागून एक श्रमण-ब्राह्मण येतात, आपलं मत उजळून दाखवतात, दुसऱ्याचं तुडवतात, त्यामुळे खरं कोण बोलतंय याची आम्हाला शंका येते. बुद्ध आधी म्हणतात, शंका येणं योग्यच आहे. मग दहा गोष्टी सांगतात, ज्यांच्या जोरावर काही मानू नये. ऐकीव म्हणून नको, परंपरा म्हणून नको, 'असं म्हणतात' म्हणून नको, ग्रंथात आहे म्हणून नको. इथपर्यंत आपण माना डोलावतो. पुढे येतं: मा तक्कहेतु, मा नयहेतु, मा आकारपरिवितक्केन, मा दिट्ठिनिज्झानक्खन्तिया. तर्काला धरून आहे म्हणून नको, अनुमान निघतं म्हणून नको, वरवर विचार करता बरोबर वाटतं म्हणून नको, आपल्या मताशी जुळतं म्हणूनही नको. शेवटी, सांगणारा लायक दिसतो म्हणून नको आणि 'हे श्रमण आमचे गुरू' म्हणूनही नको.

म्हणजे 'माझ्या बुद्धीला पटलं' हे प्रमाण त्या वाक्यात आत घेतलंय, आणि सुत्ताने ते नाव घेऊन बाहेर ठेवलंय. नेमकं उलट.

मग मानायचं कशाच्या जोरावर? 'अत्तनाव जानेय्याथ', स्वतः जाणाल तेव्हा. काय जाणाल? हे अकुशल आहे, सदोष आहे, जाणत्यांनी निंदलेलं आहे, आणि पूर्ण अंगीकारलं तर अहिताला, दुःखाला नेतं. असं जाणलंत की सोडा. म्हणजे वागून पाहायचं आणि जाणत्यांचं मतही विचारात घ्यायचं. एकट्याच्या डोक्यात बसून निकाल लावायचा नाही. त्यानंतर बुद्ध उपदेश करत नाहीत, विचारतात: माणसाच्या मनात लोभ उठतो तो त्याच्या हिताचा की अहिताचा? कालाम म्हणतात, "अहिताय, भन्ते." मग द्वेष, मग मोह. प्रत्येक उत्तर कालामच देतात. मला हे दृश्य फार आवडतं. शंका घेऊन आलेल्या माणसांना ते त्यांच्याच अनुभवाच्या पायरीवर उभं करतात.

यावरून पुनर्जन्माचा वाद निघाला. गटातला सर्वांत तरुण मुलगा म्हणाला, याच सुत्ताच्या आधारे पुनर्जन्म बाजूला ठेवता येतो. गटातल्या ताई म्हणाल्या, "अरे, तो काढलास तर धम्म अर्धा राहतो." सुत्ताचा शेवट मोठ्याने वाचला. ज्याचं चित्त निर्वैर आहे त्याला चार आश्वासनं मिळतात, त्यातली पहिली दोन अशी: परलोक असेल तर मरणानंतर मला सुगती मिळेल, नसेल तर याच जन्मी मी वैराविना सुखाने राहतो. इथे बुद्ध कालामांवर काही लादत नाहीत, हे मुलाचं खरं. इतर अनेक सुत्तांत ते पुनर्जन्माबद्दल स्पष्ट बोलतात, हे ताईंचं खरं. माझं मत: ज्याला पुनर्जन्म पटत नाही त्याने तसं मोकळेपणी म्हणावं आणि साधना करावी. बुद्धांनाही तो मान्य नव्हता असं म्हणायला मात्र कालामसुत्ताचा आधार घेऊ नये.

वहीचं पहिलं पान फाडलं नाही. खाली पाली लिहिलं.

८ फेब्रुवारी

नवीन अडचण. गटात आलेल्या एका सुरेख वाक्याखाली 'मज्झिम निकाय, सुत्त १६७' असा पत्ता होता. मज्झिम निकायात सुत्तं १५२ आहेत. ज्यांनी पाठवलं त्यांनी सांगितलं की संगणकाला विचारलं होतं, त्याने क्रमांकासकट दिलं. पूर्वी बिनपत्त्याची वाक्यं यायची. आता पत्ता असतो आणि त्या पत्त्यावर घरच नसतं. त्यांना वाईट वाटलं, त्यांचा हेतू चांगला होता. यापुढे क्रमांक असला तरी मूळ पान उघडल्याशिवाय नोंद नाही.

१४ फेब्रुवारी

'सति' या शब्दावर अडकलो. पुस्तिकेत मराठी प्रतिशब्द काय द्यायचा?

१८८१ मध्ये टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी इंग्रजी अनुवादात 'माइंडफुलनेस' वापरला आणि तो रुजला. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताण कमी करण्याचा अभ्यासक्रम सुरू केला, आणि तिथून हा शब्द दवाखान्यांत, कार्यालयांत, फोनच्या अ‍ॅपमध्ये गेला. अर्थ झाला, या क्षणाकडे, बरं-वाईट न ठरवता लक्ष देणं. यातून हजारो लोकांना खरंच उतार पडलाय, त्याला नावं ठेवावीशी मला वाटत नाहीत. आमच्या गटातले दोघं त्याच वाटेने इथवर आले.

पण सति म्हणजे मुळात स्मृती. संयुत्त निकाय ४८.१० मध्ये सतीची व्याख्याच अशी: 'चिरकतम्पि चिरभासितम्पि सरिता अनुस्सरिता', फार पूर्वी केलेलं, फार पूर्वी बोललेलंही जो आठवतो. फक्त आत्ताचा क्षण नव्हे. आणि अंगुत्तर निकायात सीमेवरच्या नगराचा दृष्टान्त आहे, त्यात सति म्हणजे वेशीवरचा द्वारपाल: 'अञ्ञातानं निवारेता, ञातानं पवेसेता'. अनोळख्यांना अडवतो, ओळखीच्यांना आत सोडतो. द्वारपालाने बरं-वाईट ठरवायचंच नाही म्हटलं तर तो तिथे उभा कशाला?

'सजगता', 'जागरूकता', 'स्मृती' सगळं लिहून पाहिलं. सजगतेत आठवण नाही, स्मृतीत पहारा नाही. मग ताई सहज म्हणाल्या, "आपण पोरांना काय सांगतो? भान ठेव." सगळे एकदम गप्प झाले. कुठे आहोत, कुणाशी बोलतोय, काल काय कबूल केलंय, काय करायचं नाही, हे सगळं भान ठेवण्यात आहे. आणि ते सुटतंही: भान सुटलं, भान हरपलं. इतका वेळ कोश चाळत होतो आणि शब्द तोंडात होता.

ठरलं: सति = भान.

१६ फेब्रुवारी

गटातल्या काकांचा आक्षेप, आणि तो साधा नाही: "ओळ चांगली असेल, तिने माणूस सुधारत असेल, तर नाव कुणाचं याने काय फरक पडतो? सुभाषित ते सगळं बुद्धवचनच."

गंमत अशी की हे त्रिपिटकातच आहे. अंगुत्तर निकायाच्या अट्ठकनिपातात उत्तर नावाचे भिक्खू म्हणतात, जे काही सुभाषित आहे ते सगळं त्या भगवंतांचंच वचन. विरुद्ध टोकाला अशोकाचा भाब्रू शिलालेख, जो आता कोलकात्यात आहे: भगवान बुद्धांनी जे म्हटलं ते सगळं सुभाषितच. वाक्य उलटं फिरलेलं. पण अशोक तिथे थांबत नाही. पुढे तो सात धम्मग्रंथांची नावं देतो आणि हे भिक्खू-भिक्खुणींनी, उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत म्हणतो. त्यातलं एक, राहुलाला (बुद्धांच्या मुलाला) खोटं बोलण्याविषयी केलेला उपदेश.

तो उपदेश आज वाचला. बुद्ध पाय धुतात, भांड्यात थोडंसं पाणी उरवतात आणि राहुलाला विचारतात, दिसतंय का किती थोडं पाणी आहे? जाणूनबुजून खोटं बोलायला ज्याला लाज वाटत नाही त्याचं श्रमणपण एवढंच. मग ते पाणी फेकतात, भांडं पालथं करतात, पुन्हा सरळ करून रिकामं दाखवतात.

काकांना मी एवढंच म्हणाले, की आपण वाक्याला नावं ठेवत नाही, खालची सही तपासतोय. 'एका दिव्याने हजार दिवे लागतात' ही ओळ पाली सुत्तांत सापडली नाही, पण विमलकीर्तिनिर्देशात अक्षय दीपाचा असाच दृष्टान्त आहे. ते महायान सूत्र आहे. महायान मानणाऱ्यांसाठी तेही बुद्धवचनच, आणि त्यांच्या घरात शिरून 'नाही'चा शिक्का मारणं आमचं काम नव्हे. तशा ओळींचा चौथा गठ्ठा केला, ग्रंथाच्या नावासकट. काकांना पटलं का, माहीत नाही. पण संध्याकाळी त्यांनी स्वतःहून नऊ वाक्यं तपासायला घेतली.

२३ फेब्रुवारी

'आहे' गठ्ठ्यातली दोन.

'बहुजनहिताय बहुजनसुखाय'. विनयपिटकाच्या महावग्गात, पहिल्या साठ अर्हतांना (मुक्त झालेल्या भिक्खूंना) उद्देशून. लगेच पुढे: 'मा एकेन द्वे अगमित्थ', एकाच वाटेने दोघं जाऊ नका. जास्त वाटांनी जास्त माणसांपर्यंत पोचावं म्हणून. हा पुढचा भाग पुस्तिकेत हवाच.

'न हि वेरेन वेरानि' (वैराने वैर शमत नाही), धम्मपद, गाथा ५. १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या शांतता परिषदेत सिलोनचे जे. आर. जयवर्धने यांनी हीच गाथा सांगून जपानकडून नुकसानभरपाई घेणार नाही असं म्हटलं. तिथे अनुवाद होता 'द्वेष प्रेमाने शमतो'. पालीत प्रेम नाही, 'अवेरेन' आहे. आम्ही 'अवैराने' ठेवलं. ज्याने आपलं नुकसान केलं त्याच्यावर प्रेम करायला सांगितलं की माणूस थिजतो. वैर न करणं आज, आत्ता सुरू करता येतं.

२ मार्च

'अत्त दीप भव', म्हणजे स्वतःच दिवा हो. हे सर्वांत आवडतं, म्हणून शेवटी ठेवलं होतं.

पाली असं: 'अत्तदीपा विहरथ अत्तसरणा अनञ्ञसरणा, धम्मदीपा धम्मसरणा अनञ्ञसरणा'. 'भव' नाही, 'विहरथ' आहे, अनेकांना उद्देशून. 'दीप' म्हणजे दिवाही आणि बेटही. अट्ठकथा (जुनी पाली टीका) महासमुद्रातल्या बेटाचा अर्थ घेते आणि संस्कृत पाठातही 'द्वीप' आहे. सर म्हणाले, दिवा चुकीचा म्हणू नका, पण बेटाची टीप द्या. पाणी चढतंय आणि पाय टेकायला जमीन हवी आहे, असं ते चित्र आहे.

गळलं काय? अर्धं वाक्य: धम्म हेच बेट, धम्म हेच शरण. आणि त्याच्या पुढचा प्रश्न, हे कसं करायचं? तिथेच उत्तर आहे: काया, वेदना, चित्त, धम्म यांवर भान ठेवून. 'स्वतःच्या पायावर उभे राहा, कुणाची गरज नाही' एवढाच अर्थ उरतो तेव्हा हे सगळं सांडलेलं असतं.

प्रसंगही पाहिला. बुद्ध ऐंशी वर्षांचे, जीवघेण्या आजारातून नुकते उठलेले. म्हणतात, जुना गाडा जसा बांधून-आवळून कसाबसा चालवावा तसं हे शरीर चाललंय. समोर घाबरलेले शिष्य आनंद.

९ मार्च

हेच शब्द आणखी कुठे येतात ते शोधताना संयुत्त निकायाच्या ४७व्या संयुत्तात पोचले. १३ आणि १४ क्रमांकांची सुत्तं. दोन महिन्यांत वाचलेल्या सगळ्यात हे वेगळं.

बुद्धांचे पट्टशिष्य सारिपुत्त मगधात वारले. चुन्द श्रामणेर (शिकाऊ भिक्खू) त्यांचं भिक्षापात्र आणि चीवर घेऊन सावत्थीला येतो, आनंदांना दाखवतो. दोघं बुद्धांकडे जातात. आनंद म्हणतात, सारिपुत्त गेल्याचं ऐकल्यापासून माझं शरीर बधिर झाल्यासारखं आहे, 'दिसापि मे न पक्खायन्ति', दिशाही दिसेनाशा झाल्या आहेत, धम्मही सुचत नाही.

बुद्ध त्यांना गप्प बसवत नाहीत. विचारतात, आनंदा, सारिपुत्त जाताना तुझं शील घेऊन गेला का? समाधी? प्रज्ञा? आनंद म्हणतात, नाही भन्ते. पण ते आम्हाला सांगायचे, समजवायचे, उत्साह द्यायचे. ते धम्माचं पोषण आठवतं. मग बुद्ध म्हणतात, जे प्रिय त्या सगळ्यांपासून वेगळं व्हावं लागतं हे मी आधीच सांगितलं नव्हतं का? मोठ्या, गाभा असलेल्या झाडाची सर्वांत मोठी फांदी मोडावी, तसा संघ उभा असताना सारिपुत्त गेला. आणि मग: म्हणून, आनंदा, अत्तदीपा विहरथ.

पुढच्या सुत्तात दुसरे पट्टशिष्य मोग्गल्लानही गेलेले आहेत. बुद्ध शांत बसलेल्या भिक्खूंकडे पाहून म्हणतात, सारिपुत्त-मोग्गल्लान गेल्यावर ही परिषद मला रिकामी वाटते. तथागतांना शोक नाही, असंही ते सुत्त सांगतं. पण रिकामं वाटतं, हे ते सर्वांसमोर बोलतात.

म्हणजे अत्तदीपाचे हे शब्द दुःखात असलेल्या माणसाला सांगितलेले आहेत, त्याचं दुःख पूर्ण ऐकून घेतल्यावर.

पुस्तिकेचं पहिलं पान बदललं. तिथे आता हे येईल.

१५ मार्च

६४ पैकी 'आहे' १९, 'वाकवलंय' २३, 'नाही' १४, इतर ग्रंथांतली ८. 'काय गळलं' हा रकाना सरांनी तसाच छापायला सांगितला.

संध्याकाळी मैत्रिणीकडे गेले. तिला पाठवलेल्या त्या चित्राबद्दल आधी माफी मागितली. मग दोन छापील पानं दिली. ती 'दिशाही दिसेनाशा झाल्या आहेत' इथे थांबली, पुन्हा वाचलं, पालीत कसं म्हणायचं विचारलं. मी म्हणून दाखवलं. तिनेही म्हटलं, अडखळत. आईचा चष्मा टेबलावर होता, तो तिने जरा सरकवला, पान सपाट केलं आणि म्हणाली, "पहिल्यापासून वाच ना." मी चुन्द पात्र-चीवर घेऊन येतो तिथून वाचायला घेतलं.